सरळ रस्त्यापुरती गाडी? कॅडिलॅक आणि जर्मन त्रिकुटाविषयीचे गैरसमज

मे 2008 मध्ये कॅडिलॅकची सीटीएस-व्ही ही गाडी जर्मनीतल्या नूरबर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर उतरली. चार दरवाजे, पाच माणसांची जागा, मागे सामानाची डिक्की असलेली ही सेडान. आयफेलच्या डोंगराळ जंगलातून जाणारा, वीस किलोमीटरांहून लांब, पुढचं काही दिसू न देणाऱ्या वळणांचा हा ट्रॅक म्हणजे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि पोर्शची घरची तालीम. कॅडिलॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सचे अभियंते जॉन हाइनरिसी यांनी ती फेरी 7 मिनिटं 59.32 सेकंदांत पुरी केली. कारखान्यातून निघणाऱ्या सेडानने आठ मिनिटांच्या आत येण्याची ही पहिलीच वेळ, असा कंपनीचा दावा होता.

एवढं होऊनही 'अमेरिकन गाडी सरळ रस्त्यावर पळते आणि वळणावर लोळते' हे पालुपद काही थांबलं नाही. अमेरिकन आलिशान सेडान आणि तिचे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी हे जर्मन प्रतिस्पर्धी यांच्याविषयी अशी बरीच वाक्यं वर्षानुवर्षं फिरत आली आहेत. काहींमध्ये तथ्य होतं आणि ते संपलं, काहींमध्ये कधीच नव्हतं. गंमत म्हणजे कॅडिलॅकच्या चाहत्यांचे गैरसमजही टीकाकारांइतकेच पक्के आहेत.

'अमेरिकन गाडीला वळणं जमत नाहीत'

एके काळी हे खरं होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. शेकडो मैल सरळसोट जाणारे महामार्ग, स्वस्त पेट्रोल आणि सोफ्यावर बसल्यासारखा प्रवास हवा असणारा ग्राहक. कॅडिलॅकने त्या ग्राहकाला हवी तशी मऊ गाडी दिली. पण तोच ग्राहक, निदान त्याची मुलं, 1980 नंतर बीएमडब्ल्यू 3 सीरिज घेऊ लागली, तेव्हा कंपनीकडे द्यायला काही नव्हतं.

उत्तर आलं ते 2002 साली. 2003 चं मॉडेल म्हणून बाजारात आलेली पहिली सीटीएस मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या 'सिग्मा' या नव्या सांगाड्यावर बेतलेली होती. मिशिगनमधल्या लान्सिंगला तिच्यासाठी नवा कारखाना उभा राहिला, मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला आणि सस्पेन्शनची घडण नूरबर्गरिंगवर झाली. तिच्या कोनदार चेहऱ्यावरून भांडणं झाली, आतल्या प्लास्टिकला नावं ठेवली गेली. पण ती वळणावर लोळते, असं म्हणायची सोय राहिली नाही.

त्याच वर्षी कॅडिलॅकच्या सेव्हिल एसटीएसमध्ये एक तंत्र आलं, त्याची कहाणी तर या गैरसमजाला अगदीच उलटी आहे. शॉक ॲब्सॉर्बरमधल्या तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं की हे कण रांगेत येतात, तेल घट्ट झाल्यासारखं वागतं आणि सस्पेन्शन काही मिलिसेकंदांत कडक होतं. प्रवाह सोडला की पुन्हा मऊ. खड्ड्यात मऊ आणि वळणात कडक, एकाच गाडीत. जनरल मोटर्समधूनच वेगळ्या झालेल्या डेल्फी कंपनीचं हे तंत्र पुढे ऑडीने टीटी आणि आर8 साठी घेतलं, फेरारीने 599 साठी घेतलं. ज्यांना वळणं जमत नाहीत असं म्हणायचं, त्यांच्याकडूनच वळणांचं सामान विकत घेतलं गेलं.

2013 ची एटीएस तर 3 सीरिज समोर ठेवूनच बनवली होती. अभियंत्यांनी सुटा भाग न् भाग तोलून वजन कमी केलं आणि सर्वांत हलक्या प्रकाराचं वजन दीड टनाच्या आसपास आणलं. एटीएसच्या टर्बो इंजिनाची ताकद 272 अश्वशक्ती होती. तेव्हाच्या बीएमडब्ल्यू 328आय ची 240. वर्षातली उत्तर अमेरिकेतली सर्वोत्तम कार हा मान एटीएसने मिळवला. मागच्या सीटवर गुडघे टेकायला जागा नव्हती, ही तक्रार मात्र रास्तच होती. 3 सीरिजची नक्कल करताना कंपनीने जुन्या, लहान 3 सीरिजची केली. तोवर म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने आपली गाडी वाढवली होती.

'कॅडिलॅकची बदनामी पूर्वग्रहातून झाली'

हा चाहत्यांचा आवडता समज. वस्तुस्थिती अशी की ही बदनामी कंपनीने स्वतःच्या हाताने कमावली.

ज्या कंपनीने 1908 साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सवर तीन गाड्या पूर्ण खोलून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून, पुन्हा जोडून 500 मैल पळवून दाखवल्या आणि भागांच्या अचूकतेसाठी ड्युअर करंडक मिळवला. जिने 1912 मध्ये हँडल मारण्याची कटकट संपवणारा इलेक्ट्रिक स्टार्टर दिला. त्याच कंपनीने 1982 चं मॉडेल म्हणून सिमरॉन नावाची गाडी काढली. सिमरॉन म्हणजे मुळात जनरल मोटर्सचीच स्वस्तातली शेव्हरले कॅव्हलियर, वर चामड्याच्या सीट आणि कॅडिलॅकचं चिन्ह. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट. बीएमडब्ल्यूला उत्तर म्हणून ही गाडी पुढे केली गेली, हे त्यातलं विशेष. 1988 पर्यंत ती रेटली आणि एका अख्ख्या पिढीच्या मनात कॅडिलॅक म्हणजे वरचा मुलामा हे समीकरण बसलं.

दुसरा प्रयत्न आणखी मासलेवाईक. 1997 मॉडेलची कटेरा ही जर्मनांशी लढायला आणलेली कॅडिलॅक चक्क जर्मन होती. ओपेल या जर्मन कंपनीच्या ओमेगाचंच ते रूप, बांधणी जर्मनीतल्या रुसेल्सहाइमला. जर्मन गाडी आयात करून जर्मनांना हरवायचा हा बेत 2001 मध्ये गुंडाळला गेला.

'ढकलदांड्यांचं इंजिन म्हणजे जुनाट इंजिन'

कॅडिलॅकच्या वेगवान सेडानमधलं मोठं व्ही8 इंजिन शेव्हरले कॉर्व्हेटच्या घराण्यातलं. त्यात कॅमशाफ्ट वर, सिलिंडरच्या डोक्यावर नसून खाली ब्लॉकमध्ये असतो आणि लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडतो. जर्मन इंजिनांत वर दोन-दोन कॅमशाफ्ट आणि सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह. त्यामुळे कागदावर जर्मन इंजिन आधुनिक वाटतं.

मात्र अमेरिकन रचनेत डोक्यावरचा पसारा नसल्याने इंजिन बुटकं आणि आटोपशीर होतं, भाग कमी लागतात. मोठी क्षमता लहान जागेत बसते. युरोपात अनेक देशांनी इंजिनाच्या क्षमतेवर कर लावला, म्हणून तिथल्या अभियंत्यांना प्रत्येक लिटरमधून जास्तीत जास्त ताकद काढावी लागली. अमेरिकेत तसा कर नव्हता. भारतात 1200 आणि 1500 सीसीच्या करमर्यादांनी आपल्या गाड्यांची इंजिनं कशी ठरतात, हे पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. कराचा कायदा इंजिनाचा आकार ठरवतो, त्याचा अकलेशी संबंध नाही. 2009 मॉडेलच्या सीटीएस-व्हीमध्ये याच घराण्यातल्या 6.2 लिटरच्या सुपरचार्ज्ड इंजिनाची ताकद 556 अश्वशक्ती होती. त्या वेळच्या बीएमडब्ल्यू एम5 च्या दहा सिलिंडरच्या इंजिनाची पाचशेच्या आसपास. पेट्रोल दोघीही सढळ हाताने पीत.

'अमेरिकनांना फक्त ऑटोमॅटिक कळतं'

2005 च्या सुमाराची एम5 बीएमडब्ल्यूने स्वयंचलित क्लचच्या गिअरबॉक्ससह आणली. साधा क्लच आणि हाताने टाकायचे गिअर हवेत असा आग्रह अमेरिकेतल्या ग्राहकांनी धरला, आणि मॅन्युअल एम5 कंपनीने बनवली ती उत्तर अमेरिकेसाठी. पुढच्या पिढीतही तसंच झालं. त्यानंतर म्युनिकने एम5 मधून मॅन्युअल काढून टाकला. उलट 2022 मॉडेलच्या कॅडिलॅक सीटी5-व्ही ब्लॅकविंगमध्ये 668 अश्वशक्तीबरोबर सहा गिअरांचा मॅन्युअल मिळतो.

'जर्मन गाडी जर्मनीत बनते, अमेरिकन अमेरिकेत'

कटेराचं वर आलंच. बीएमडब्ल्यूने 1994 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला कारखाना सुरू केला आणि तिथून आधी 3 सीरिजच बाहेर पडली. मर्सिडीज सी-क्लास 2014 पासून काही वर्षं अलाबामात जोडली जात होती. आता 3 सीरिज मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसीलाही तयार होते. म्हणजे अमेरिकन ग्राहक 'जर्मन' म्हणून घेत असलेली गाडी मेक्सिकोची असू शकते आणि शेजारची सीटी5 लान्सिंगची.

'गाडी चांगली असती तर खपली असती'

सगळ्यांत चिवट समज हाच, कारण त्यात तर्क आहे. सीटीएसला मोटर ट्रेंड या अमेरिकन मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम कारचा किताब दोनदा मिळाला, 2008 आणि 2014 मध्ये. ऑक्टोबर 2009 मध्ये जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टिसेलो ट्रॅकवर जाहीर आव्हान दिलं: कुठलीही विक्रीतली सेडान घेऊन या, सीटीएस-व्हीशी लावा. सत्त्याहत्तर वर्षांचे लुट्झ स्वतःही चाकामागे बसले. हे गृहस्थ 1970 च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या संचालक मंडळावर होते, तेव्हा शत्रूचं घर त्यांना आतून ठाऊक होतं. दिवसातली सर्वांत वेगवान फेरी कॅडिलॅकचीच ठरली.

आणि तरीही विक्री? 2005 मध्ये अमेरिकेत साठ हजारांवर सीटीएस खपल्या होत्या. 2015 मध्ये आकडा वीस हजारांच्या आत आला. गाडी सुधारत गेली, खप उतरत गेला.

कारणं गाडीच्या चाकांत सापडत नाहीत. पहिली सीटीएस आकाराने 5 सीरिजएवढी आणि किमतीने 3 सीरिजच्या जवळ होती. समीक्षकांना हे अधलंमधलं वाटलं, पण ग्राहकाला तो फायद्याचा सौदा होता. 2014 मॉडेलमध्ये कंपनीने किंमतही 5 सीरिजच्या पंगतीत नेऊन बसवली. जर्मन गाडीइतकेच पैसे मोजायचे तर जर्मनच का घेऊ नये, हा ग्राहकाचा प्रश्न होता आणि शोरूममध्ये त्याचं उत्तर नव्हतं. लीजवर गाडी घेणाऱ्याला तीन वर्षांनंतरची किंमत महत्त्वाची. तिथेही जर्मन नाव कामाला येतं.

मग डॅशबोर्ड. 2012 मध्ये आलेल्या क्यू या प्रणालीत बटणांऐवजी बोट टेकवायचा चकचकीत काळा फलक होता. आवाज वाढवायलासुद्धा त्यावर बोट सरकवावं लागे, आणि तो फलक दाद देईलच याची खात्री नसे. ट्रॅकवर विक्रम करणारी गाडी रेडिओच्या आवाजाला हरली. न्यायाने सांगायचं तर 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 सीरिजमधल्या आयड्राइव्हला याहून जास्त शिव्या पडल्या होत्या. फरक इतकाच की बीएमडब्ल्यूने ते नाव टाकलं नाही, तीच कल्पना घासूनपुसून चालवली.

सातत्याचा हा प्रश्नच खरं दुखणं आहे. 5 सीरिज 1972 पासून, 3 सीरिज 1975 पासून त्याच नावाने आहे. त्याच काळात कॅडिलॅकच्या लहान-मध्यम सेडानची नावं बघा: सिमरॉन, कटेरा, सीटीएस, एटीएस, सीटी4, सीटी5. ऑडी आणि इन्फिनिटीतून आलेले योहान डी निशेन 2014 मध्ये प्रमुख झाले, त्यांनी नावं बदलायची ठरवली आणि मुख्यालय डेट्रॉइटहून न्यूयॉर्कच्या सोहो भागात हलवलं. 2018 मध्ये त्यांना जावं लागलं आणि नंतर मुख्यालय मिशिगनला परतलं. सीटीएस या नावाला ओळख मिळायला पंधरा वर्षं लागली होती. ते नाव 2019 ला पुसलं गेलं. पुढचं वर्ष कुणाच्या मर्जीवर आहे हेच माहीत नसेल, तर ग्राहक निष्ठा कशावर ठेवणार?

'युरोपने चाखून नाकारली'

युरोपला चाखायलाच फारसं मिळालं नाही. तिथल्या आलिशान सेडान तेव्हा मोठ्या प्रमाणात डिझेलवर चालत आणि सीटीएसला डिझेल इंजिन कधी लाभलंच नाही. कंपनीने युरोपसाठी बीएलएस नावाची वेगळी गाडी काढली. ती मुळात साब 9-3 होती आणि स्वीडनमध्ये बनत होती. म्हणजे सिमरॉनचाच धडा पुन्हा गिरवला, फक्त दुसऱ्या खंडात. 2009 मध्ये युरोपातला डच वितरक क्रॉयमान्स दिवाळखोरीत गेला आणि दुकानंही गेली. एटीएस आणि नंतरच्या सेडान तर डाव्या स्टिअरिंगच्याच बनल्या. त्यामुळे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि भारताचा दरवाजा आपोआप बंद झाला. उलट चीनमध्ये 2017 साली कॅडिलॅकची विक्री अमेरिकेपेक्षा जास्त झाली, कारण तिथे सिमरॉनची आठवण कुणालाच नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकाचं मत या सगळ्यात जर्मनांकडे झुकलेलं असेल, तर त्याचं कारण साधं आहे. मर्सिडीज 1990 च्या दशकाच्या मध्यापासून पुण्यात बनते, आधी पिंपरीला आणि नंतर चाकणला. ऑडीची जोडणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) शेंद्रा इथे होते. जनरल मोटर्सचा कारखानाही चाकणपासून जवळच, तळेगावला होता, पण तिथून फक्त शेव्हरले निघाल्या. कॅडिलॅक कंपनीने इथे अधिकृतपणे विकायला आणलीच नाही. 2017 अखेर शेव्हरलेची विक्रीही थांबली आणि तळेगावचा तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. तेव्हा या स्पर्धेचा निकाल मित्रांच्या गप्पांत ठासून सांगण्यापूर्वी मराठी वाचकाने एवढं ध्यानात ठेवावं, की आपल्या रस्त्यांवर यातली एकच बाजू धावलेली आहे.