बंदरातला बिनबोलावलेला पाहुणा

उज्जैनची क्षिप्रा असो की आपली पंचगंगा, पाण्यावर पसरलेली जलपर्णी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती वर तरंगते, म्हणून दिसते तरी! समुद्रातले परके पाहुणे मात्र पाण्याखाली, जहाजांच्या तळाला आणि धक्क्याच्या खांबांना चिकटून राहतात.

मुंबई बंदराचेच पाहा. तिथल्या खांबांवर कालवे, शिनाणे यांची पूर्वापार वस्ती. त्यांत मायटिलोप्सिस नावाचा शिंपला घुसला. त्याचे मूळ गाव कॅरिबियन समुद्राकडचे. आपल्या देशात १९६७ साली तो विशाखापट्टणमला सापडला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत. आकाराने जेमतेम इंचभर. पण खारे, मचूळ कसलेही पाणी त्याला चालते आणि महिन्याभरात तो प्रजननाला तयार होतो. थरावर थर चढतात, खालचे जीव गुदमरतात. आयत्या बिळावर नागोबा!

हा येतो कसा? रिकामे जहाज कलू नये म्हणून टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. त्यातून डोळ्यांना न दिसणारी पिल्ले उतरतात. काही शिंपले जहाजाच्या तळाला चिकटूनच येतात.

१९९९ साली ऑस्ट्रेलियात डार्विनला हाच शिंपला दिसला. तिथे बोटी लावायच्या जागांना दरवाजे होते. ते बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडले. शिंपला संपला, पण आतले इतर जीवही मेले. मुंबईच्या उघड्या बंदराला दार कुठून लावणार?

याची झळ चुलीपर्यंत पोहोचते. केरळच्या अष्टमुडी सरोवरात चारू नावाचा दक्षिण अमेरिकी शिंपला गेल्या काही वर्षांत पसरला आणि तिसऱ्यांची जागा बळकावू लागला. कारवार-मालवणकडेही तिसऱ्यांवर घरे चालतात. मराठीत शिंपला म्हणा की कन्नडात चिप्पु, पोटाचा प्रश्न एकच.

जहाजांनी टाकीतल्या पाण्याची विल्हेवाट नियमाने लावावी, असा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला. ८ सप्टेंबर २०१७ पासून तो लागू आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बंदरांतील जीवांची पाहणीही केली आहे. कारण पाहुण्याला उंबऱ्यावरच ओळखावे लागते. घरात शिरला की तो जात नाही.

सुट्टीत मुलांना बंदर दाखवायला न्याल, तेव्हा ओहोटीला उघडे पडलेले खांबही दाखवा. कोण घरचा, कोण परका, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.