उतारवयातील खाज : त्वचारोगतज्ज्ञ काय शोधतात?

उतारवयात अंगाला सुटणारी खाज ही तक्रार घरात फारशी गांभीर्याने घेतली जात नाही. ‘वयोमानाने त्वचा कोरडी होते, थोडे तेल लावा’, असे म्हणून विषय संपतो. नाहीतर औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब मागवली जाते. यांतील पहिला सल्ला पुष्कळदा योग्य असतो. दुसरा उपाय मात्र अनेकदा रोग झाकतो आणि वाढवतोही. हा फरक ध्यानात यावा, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ काय शिकलेले असतात आणि रुग्णाला तपासताना काय शोधतात, हे जाणून घेणे हिताचे आहे.

एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण झाल्यावर या विषयाचा तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम असतो. या पदवीच्या नावात त्वचारोगांबरोबरच गुप्तरोग आणि कुष्ठरोग यांचाही उल्लेख असतो. म्हणजे हे तज्ज्ञ प्रथम संपूर्ण शरीराचे वैद्य असतात. केवळ सौंदर्योपचार करणारे नव्हेत. म्हणून दवाखाना निवडताना पाटीवरील पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक अवश्य पाहावा.

त्वचा पाहण्याआधी तज्ज्ञ प्रश्न विचारतात. खाज रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला सुटली आहे का? अलीकडे कोणते नवे औषध सुरू झाले? वजन घटले आहे का? या प्रश्नांची उत्तरे निदानाची अर्धी वाट दाखवतात.

वाढत्या वयात त्वचेतील तैलग्रंथींचे काम मंदावते, त्वचा पातळ होते आणि तिच्यातील ओलावा टिकत नाही. पायांच्या नडग्यांवर बारीक भेगा व कोंड्यासारखे पापुद्रे दिसू लागतात. ही कोरडेपणाची खाज होय. परंतु रात्री झोप उडवणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती पुरळ आणणारी खाज खरजेची असू शकते. खरूज डोळ्यांना सहजी न दिसणाऱ्या किड्यामुळे होते. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात असल्याने खाज नसली तरी घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही त्यातून वगळता येत नाही.

मांडीच्या सांध्यात किंवा कमरेवर गोल, कडेने लालसर चट्टे उठले, तर ते बहुधा गजकर्णाचे असतात. येथेच दुकानातील ट्यूब घात करते. अशा अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते, तिचे रूप बदलते आणि पातळ त्वचा अधिकच पातळ होते. योग्य रोगात, योग्य मुदतीपुरते दिलेले स्टेरॉइड अत्यंत उपयुक्त आहे. धोका आहे तो निदानाशिवाय वापरण्यात. त्वचेचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचे निदान बहुधा लवकर होते. म्हणून तपासणीपूर्वी मलम चोपडून जाऊ नये.

काही वेळा पुरळ मुळीच नसते, केवळ खाज असते. अशा वेळी तज्ज्ञ रक्ततपासणी सांगतात. मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता, क्वचित रक्ताचे आजार, यांची पहिली सूचना त्वचा देत असते. वृद्धांमध्ये खाजेनंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी मोठे, ताठ फोड आणणारा एक आजारही आढळतो. त्यासाठी त्वचेचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो.

दोन लक्षणांबाबत दिरंगाई करू नये. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पाणीदार पुरळ उठले, तर ती नागीण असू शकते. तिची औषधे पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक लाभ होतो. डोळ्याजवळ पुरळ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दुसरे लक्षण म्हणजे संवेदना नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा. ते कुष्ठरोगाचे चिन्ह असू शकते. त्याचे औषध शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. अंघोळ थोडक्यात आणि कोमट पाण्याने घालावी. कढत पाण्याने क्षणभर बरे वाटते, पण कोरडेपणा वाढतो. साबण काखा, जांघा व पावलांपुरता ठेवावा. अंग टिपून ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली, साधे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावावे. तळव्यांना तेल लावून चालू देऊ नये; घसरून पडण्याची भीती असते. खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो, लघवी अडते. त्या मनाने देऊ नयेत.

आपण वडीलधाऱ्यांना अंघोळ घालत असाल, तर त्यांची पाठ, बेचक्या आणि पावले रोज आपल्याच दृष्टीस पडतात. जे नवे दिसेल ते तारखेसह टिपून ठेवा. तज्ज्ञांकडे जाताना ती नोंद, चालू गोळ्यांची यादी आणि आजवर लावलेल्या सर्व ट्यूब सोबत न्या. रिकामी ट्यूबही टाकून देऊ नका; आजाराचे रूप कशामुळे बदलले, हे अनेकदा तिच्यावरूनच कळते.