यंत्रमानवाच्या कारखान्यांतील कांहीं इंग्रजी शब्द



जन्मभर मुलांकडून इंग्रजी स्पेलिंग घोकून घेतलेल्या माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरानें यंत्रमानवाच्या कारखान्यांतील भाषेवर बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस धाडसाचें वाटेल. मलाही तें तसेंच वाटतें. परंतु ह्या विषयाकडे मी हौसेनें वळलेलों नाहीं. माझ्या हातून एक चूक झाली व तिनें मला इकडे आणिलें. म्हणून ती चूकच आधीं सांगतों.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याजवळच्या एका कारखान्यांत वेल्डिंगच्या कामावर होता. मोटारीचे सुटे भाग करणारा तो कारखाना. त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. एके रात्रीं त्याचा फोन आला. कारखान्याच्या फलकावर इंग्रजींत एक सूचना लागली होती. तींत 'ऑटोमेशन' होतें, 'रोबोटिक सेल' होता, आणि शेवटीं अमुक इतक्या जागा 'रिडंडंट' होतील असें वाक्य होतें. "गुरुजी, रिडंडंट म्हणजे काय?" मीं कोश उघडला व सांगितलें, "जादा." त्यानें ऐकलें तें 'जादा जागा'. शिवाय नव्या यंत्राची माहिती देण्यास आलेल्या इंजिनियरानें त्याच आठवड्यांत मोठ्या कौतुकानें सांगितलें होतें कीं, ह्या यंत्रांत सुरक्षिततेसाठीं भरपूर 'रिडंडन्सी' ठेवलेली आहे. तेव्हां त्या भल्या माणसानें घरीं सांगून टाकलें कीं आतां जागा वाढणार. धाकट्या भावालाही अर्ज लिहावयास बसविलें. खरा अर्थ त्याला कळला तो पंधरा दिवसांनीं. आणि तोंवर दुसऱ्या खात्यांत बदली मागण्याची जी मुदत त्याच सूचनेंत दिलेली होती, ती निघून गेली होती.

मला लाज वाटते ती अशासाठीं कीं, ह्या शब्दाला चोख मराठी प्रतिशब्द माझ्या ओठांवर असावयास हवा होता. शाळेचा पट घटला कीं संचमान्यतेंत एखादा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. हा शब्द आम्हां शिक्षकांना झोपेंतून उठवून विचारला तरी कळतो. त्याच्या भीतीनें आम्हीं दारोदार फिरून मुलें गोळा केलेलीं आहेत. 'रिडंडंट' होणें म्हणजे अतिरिक्त ठरणें, एवढें मी बोललों असतों तर पुढचें कांहींच सांगावें लागलें नसतें.

शब्दाचें मूळ पाहिलें तर तें मोठें चित्रमय आहे. लॅटिन भाषेंत 'उंडा' म्हणजे लाट. भांडें काठोकाठ भरून पाणी वरून वाहूं लागलें कीं तेथें 'रेडुंडारे' हें क्रियापद येतें. इंग्रजीनें त्यापासून दोन वाटा काढल्या. नोकरीच्या भाषेंत वरून वाहून गेलेलें पाणी म्हणजे नकोसा झालेला माणूस. अशा माणसाला भरपाई मिळावी म्हणून ब्रिटनमध्यें १९६५ सालीं जो कायदा झाला, त्याच्या नांवांतच 'रिडंडन्सी' आहे. आपल्याकडे कायद्याचा शब्द 'रिट्रेंचमेंट' हा आहे; तो १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत होता आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंतही आहे. त्याचा मूळ अर्थ छाटून टाकणें. म्हणजे साहेबाच्या देशांत माणूस वाहून जातो व आपल्याकडे तो छाटला जातो. घरीं बसणें दोन्हीकडे सारखेंच.

यंत्रशास्त्रांत मात्र हाच शब्द सद्गुणवाचक आहे. एक संवेदक बिघडला तर अपघात होऊं नये म्हणून त्याच्या जोडीला दुसरा बसवितात. तो रिडंडंट, आणि तो आहे म्हणूनच माणूस यंत्राजवळ निर्धास्त उभा राहूं शकतो. ह्याहून गमतीचा एक प्रयोग आपणांस बसल्या जागीं करतां येईल. उजवा तळवा मेजावर पालथा ठेवा. तो मुळींच हलूं देऊं नका. खांदाही स्थिर असूं द्या. तरीसुद्धां कोपर खालीं-वर करतां येतें, नाहीं का? कोणतीही वस्तू हवी त्या जागीं व हवी तशी वळवून ठेवावयास सहा स्वतंत्र हालचाली पुरतात. तीन सरकण्याच्या आणि तीन वळण्याच्या. ह्यांना इंग्रजींत 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' म्हणतात. आपल्या खांद्यापासून मनगटापर्यंतच्या हाताला अशा हालचाली सात आहेत. ती सातवी हिशेबाच्या दृष्टीनें रिडंडंट. परंतु अडचणीच्या जागीं, एखाद्या खांबाला वळसा घालून हात पोंचवितां येतो तो तिच्याच जोरावर. म्हणून कांहीं यंत्रबाहूंना मुद्दाम सात सांधे देतात. कामगाराला अतिरिक्त ठरविणारें यंत्र स्वतः अतिरिक्त सांध्याच्या आधारानें काम करतें, हें वाचून हंसावें कीं काय करावें तें मला समजेना.

ह्या एका शब्दानें सावध होऊन मी इतरांच्या मागें लागलों, तेव्हां असें दिसलें कीं ह्या शास्त्राचा बराचसा शब्दसंग्रह माणसाच्या श्रमावरूनच उसना घेतलेला आहे. 'रोबोट' हाच पाहा. कारेल चापेक ह्या चेक नाटककाराचें 'आर्. यू. आर्.' हें नाटक १९२० सालीं छापलें गेलें व १९२१ सालीं प्राग येथें रंगभूमीवर आलें. त्यांतील कृत्रिम मजुरांना काय म्हणावें ह्या विवंचनेंत तो होता. 'लाबोरी' हा लॅटिन वळणाचा शब्द त्याला पुस्तकी वाटे. 'रोबोट' हें नांव त्याच्या चित्रकार भावानें, योसेफनें, सुचविलें, असें कारेलनेंच पुढें लिहून ठेवलें आहे. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानें सक्तीनें करावयाचें फुकटचें काम. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत ही पद्धत १८४८ सालीं बंद झाली. ह्या अर्थासाठीं इंग्रजीला फ्रेंचांच्या दारीं जावें लागतें. आपल्याला कोठेंच जावें लागत नाहीं. आपल्या घरांत 'वेठ' आहे, 'वेठबिगार' आहे. 'यंत्रमानव' हा शब्द रूढ झाला तो चांगलाच आहे, परंतु त्याला वेठीचा वास राहिलेला नाहीं. शिवाय चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हतेच. ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडविलेले व दिसावयास हुबेहूब माणसासारखे होते. 'रोबोटिक्स' हें नांवही प्रयोगशाळेंतून आलेलें नव्हे. आयझॅक असिमॉव्ह ह्या लेखकानें १९४१ च्या एका कथेंत तें वापरलें, आणि असा शब्द आधींपासून आहेच अशी त्याची समजूत होती! 'सर्व्हो मोटर' मधला 'सर्व्हो' हाही लॅटिनमधील दासच. धोटा आपला आपण विणूं लागला तर धन्याला दासांची गरज उरणार नाहीं, अशा अर्थाचें अ‍ॅरिस्टॉटल लिहून गेला आहे. दास गेला आणि त्याचें नांव यंत्राला चिकटलें.

आतां एक भेद नीट ध्यानीं घेतला पाहिजे. 'मेकॅनायझेशन' व 'ऑटोमेशन' हे शब्द वर्तमानपत्रें सरसकट एकाच अर्थानें वापरतात. जात्याऐवजीं विजेची चक्की आली, तें मेकॅनायझेशन, म्हणजे यांत्रिकीकरण. दंडाचें काम यंत्राकडे गेलें. पण पीठ जाड येतें कीं बारीक हें चिमटींत घेऊन पाहणारा चक्कीवाला अजून तेथें उभाच आहे. ज्या दिवशीं चक्की स्वतःच पीठ तपासून दगडांतील अंतर कमीजास्त करील, त्या दिवशीं तें ऑटोमेशन. शब्दाचें मूळ ग्रीक, पण कारखान्यांत तो रूढ केला फोर्ड कंपनीच्या डेल्मर हार्डर ह्या अधिकाऱ्यानें. त्या कंपनींत १९४७ सालीं ऑटोमेशनचें स्वतंत्र खातें निघालें.

चक्कीवाल्याच्या त्या चिमटीलाच इंग्रजींत 'फीडबॅक' म्हणतात. झालेल्या कामाची खबर काम करणाऱ्याकडे परत पोंचणें. जेम्स वॉटनें १७८८ च्या सुमारास वाफेच्या यंत्रावर दोन फिरते गोळे बसविले. वेग वाढला कीं गोळे फांकत व वाफेची झडप मिटूं लागे. वेग उतरला कीं ती उघडे. शब्द मात्र पुष्कळ पुढचा आणि विजेच्या व रेडिओच्या धंद्यांतला आहे. मायक्रोफोन व कर्णा समोरासमोर आले कीं सभेंत जी कर्कश शीळ उठते, तीही फीडबॅकच. आणि ती 'पॉझिटिव्ह'! वॉटचे गोळे 'निगेटिव्ह'. कचेरींत निगेटिव्ह फीडबॅक मिळाला तर माणूस खट्टू होतो. यंत्राला तो मिळाला नाहीं तर यंत्र बेफाम होतें.

कारखान्यांतील पहिला यंत्रबाहू 'युनिमेट'. जॉर्ज डेव्हॉल ह्याच्या कल्पनेंतून तो निघाला व १९६१ सालीं न्यू जर्सींतील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत सांच्यांतून निघालेले तप्त धातूचे भाग उचलण्याच्या कामाला लागला. ह्या बाहूच्या वर्णनांत खांदा, कोपर, मनगट हे सर्व शब्द जसेच्या तसे येतात. टोकाला मात्र हात म्हणत नाहींत, 'एंड इफेक्टर' म्हणतात, कारण तेथें चिमटा असेल, वेल्डिंगची नळी असेल, रंगाची पिचकारीही असेल. 'पेलोड' म्हणजे त्या टोकाला पेलवेल तेवढें वजन. 'अ‍ॅक्युरसी' व 'रिपीटेबिलिटी' ह्यांत मात्र भले भले घसरतात. माझ्या वर्गांत एक मुलगा 'रिसीव्ह' चें स्पेलिंग दर वेळीं चुकवी, आणि दर वेळीं अगदीं तसेंच चुकवी. त्याची रिपीटेबिलिटी उत्तम, अ‍ॅक्युरसी शून्य. विक्रेत्याच्या पत्रकांत मिलिमीटरच्या शतांशाचा जो आंकडा ठळक छापलेला असतो, तो बहुधा ह्या मुलाच्या गुणाचाच असतो. आणि पुष्कळ कामांना तेवढा पुरतोही. कारण 'टीच पेंडंट' नांवाची कळांची पेटी हातांत घेऊन कामगार यंत्राला एकेक जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवितो, व यंत्र तेथेंच पुन्हां पुन्हां जातें. ह्या सर्व परिभाषेंत मास्तरांच्या वाट्याला आलेला शब्द तेवढा हाच.

शेवटीं दोन शब्द असे, जे चुकून चालणार नाहींत. 'लॉकआउट' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें टाळेबंदी येते. मालकानें दाराला कुलूप लावलें व कामगार बाहेर. यंत्राच्या दुरुस्तींत लॉकआउट म्हणजे नेमकें उलट. दुरुस्ती करणारा कामगार वीज तोडून खटक्याला स्वतःचें कुलूप लावतो, नांवाची पट्टी अडकवितो व किल्ली आपल्या खिशांत ठेवतो. त्याचा हात यंत्रांत असतांना तें दुसऱ्या कोणीं चालू करूं नये म्हणून. तेथें किल्ली मालकाची नव्हे. दुसरा शब्द 'रॅशनलायझेशन'. ऐकावयास किती विवेकी! १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो संप चालला, त्याच्या कारणांत दोन सांचे चालविणाऱ्या विणकराला तीन सांचे देण्याची योजना हें एक होतें, आणि त्या योजनेचें इंग्रजी नांव हेंच होतें. गिरणींत मागाला सांचा म्हणत. ज्याला तिसरा सांचा मिळाला त्याच्या शेजारचा कोणी घरीं गेला, हें त्या शब्दांत कोठेंही लिहिलेलें नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पुढें दुसऱ्या कारखान्यांत काम मिळालें. पगार कमी आहे. गेल्या आठवड्यांत त्याचा पुन्हां फोन आला. तेथेंही एक सूचना लागली आहे आणि 'अपस्किलिंग' व 'रीस्किलिंग' ह्यांत फरक काय, असें तो विचारीत होता. कोश हाताशींच होता; मीं तो उघडला नाहीं. सबंध सूचना उतरवून पाठव, म्हणजे सांगतों, असें त्याला म्हटलें. ती अजून यावयाची आहे.