'आम्ही तुम्हाला कळवू': मुलाखतीनंतर कंपन्या गप्प का बसतात?

मुलाखत संपते आणि 'आठवडाभरात कळवतो' असं सांगितलं जातं. आठवडा जातो, महिना जातो; ना फोन येतो, ना मेल. आपण विचारलं तर 'प्रोसेस सुरू आहे' एवढंच उत्तर मिळतं. नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांना हे ओळखीचं आहे. पण कंपन्या निर्णय कळवायचं का टाळतात? कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे का? आणि उमेदवाराच्या हातात काय असतं?

गप्प बसण्यामागची कारणं

समजा, एका जागेसाठी तिघांच्या मुलाखती झाल्या आणि पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर लेटर गेलं. आपल्याकडे आयटीसारख्या क्षेत्रात अनेक ठिकाणी ६० ते ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो. एवढ्या दिवसांत त्या उमेदवाराला दुसरी ऑफर येऊ शकते, किंवा सध्याची कंपनीच पगार वाढवून त्याला थांबवू शकते. म्हणून तो रुजू होईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला कोणी 'नाही' म्हणत नाही. तो राखीव असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

कधी जागाच अडकलेली असते. बजेट मंजूर होत नाही, भरती थांबवली जाते आणि हे बाहेर सांगायला कंपनी तयार नसते. कधी कारण दिलं तर उमेदवार वाद घालेल, अशी भीती असते. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर कंपनीला वाटतं की तिने कळवलं असेल आणि कन्सल्टन्सीचा माणूस पुढच्या जागेच्या मागे लागलेला असतो.

नुकसान कोणाचं?

नकार पचवता येतो, पण अनिश्चिततेत निर्णय घेता येत नाही. हातात दुसरी ऑफर असेल तर ती स्वीकारायची की थांबायचं? राजीनामा कधी द्यायचा? दुसऱ्या शहरात जायचं असेल तर मुलांच्या शाळेचं काय? हे सगळं एका मेलवर अडून बसतं. 'दुसऱ्या उमेदवाराला ऑफर दिली आहे, तो न आल्यास तुमचा विचार करू' हे एक वाक्य मिळालं असतं, तर उमेदवाराने हातातली ऑफर सोडली नसती.

कायद्याने बंधन घालता येतं का?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने ते घातलं आहे. तिथे १ जानेवारी २०२६पासून, २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात देऊन भरती केली, तर मुलाखत दिलेल्या प्रत्येक उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत माहिती द्यावी लागते. एकाहून अधिक मुलाखती झाल्या असतील तर शेवटच्या मुलाखतीपासून दिवस मोजायचे. माहिती प्रत्यक्ष भेटून, लेखी किंवा मेलसारख्या माध्यमातून देता येते आणि तिची नोंद तीन वर्षं जपून ठेवावी लागते. जाहिरात खरोखर रिकाम्या जागेसाठी आहे की नाही, हेही जाहिरातीतच सांगावं लागतं.

इथे एक मर्यादा आहे. भरतीचा निर्णय झाला की नाही, एवढंच कळवणं सक्तीचं आहे. नकाराचं कारण देण्याची सक्ती नाही. 'अजून ठरलेलं नाही' हेही कायद्याला चालणारं उत्तर आहे. म्हणजे कायदा मौन मोडू शकतो. पुढचा प्रामाणिकपणा मालकावरच अवलंबून राहतो.

भारतात काय स्थिती आहे?

खासगी कंपनीने मुलाखतीचा निकाल अमुक दिवसांत कळवावा, असं बंधन आपल्याकडे नाही. सरकारी भरतीत चित्र वेगळं आहे. तिथे निवड याद्या जाहीर होतात. यूपीएससी तर मुलाखतीपर्यंत पोहोचूनही निवड न झालेल्या उमेदवारांचे गुण, त्यांनी संमती दिली असल्यास, प्रसिद्ध करते. इतर संस्थांना त्यांचा विचार करता यावा, हा त्यामागचा हेतू आहे.

सरकारी संस्थेकडे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली आपले गुण आणि निवडीचे निकष मागता येतात. उत्तरासाठी साधारण मुदत ३० दिवसांची आहे. मात्र मुलाखत घेणाऱ्यांची नावं देणं बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात सांगितलं. निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा हक्क मिळाला असंही नाही. पण सरकारला मनमानीही करता येत नाही, हे १९९१च्या शंकरसन दाश खटल्यात स्पष्ट झालं आहे.

प्रामाणिक उत्तर कसं असतं?

मालकाला तीनपैकी एकच गोष्ट सांगायची असते: निवड झाली, निवड झाली नाही, किंवा निर्णय अजून बाकी आहे. तिसऱ्या उत्तरासोबत तारीख हवी. 'तुमचा बायोडेटा आमच्याकडे जपून ठेवू' हे वाक्य खरोखर ठेवणार असाल तरच लिहावं. कारण द्यायचं असेल तर ते कामाशी जोडलेलं असावं. 'या कामासाठी जीएसटी रिटर्न भरण्याचा अनुभव लागतो, तो दुसऱ्या उमेदवाराकडे अधिक होता' यातून उमेदवाराला पुढची दिशा कळते. 'तुम्ही आमच्या टीममध्ये बसत नाही' यातून फक्त मन दुखावतं.

तुम्ही काय करू शकता?

मुलाखत संपताना दोन गोष्टी विचारा: निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि चौकशी कोणाकडे करायची. ती तारीख उलटल्यावर दोन-तीन दिवसांनी एक छोटा मेल पाठवा. हातात दुसरी ऑफर असेल तर ते स्पष्ट लिहा: 'मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, त्याआधी आपला निर्णय कळल्यास बरं होईल.' कंपनीला तुम्ही खरोखर हवे असाल तर अशा मेलला बहुधा उत्तर येतं. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर निकाल कोण कळवणार, हे आधीच ठरवून घ्या.

आणि लेखी ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, दुसरीकडच्या मुलाखती थांबवू नका. 'कळवतो' या शब्दाच्या भरवशावर चालू पगार सोडणं कोणालाच परवडत नाही.