गोळीच्या बुडातील पोकळी

बंदुकीची गोळी म्हटली की शिशाचा एक भरीव तुकडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. तिच्या बुडाला कोणी मुद्दाम खळगा ठेवत असेल, ही कल्पना सहसा सुचत नाही. अमेरिकेत मात्र नेमबाजीचा छंद असलेले पुष्कळ लोक आपल्या गोळ्या घरीच ओततात, आणि त्यांतील काहींना अशीच गोळी हवी असते. इतर गोळ्यांचे साचे त्यांना सहज मिळतात. पोकळ बुडाच्या गोळीचा साचा शोधताना मात्र त्यांच्या नाकी नऊ येतात. असे का व्हावे, हे समजण्यासाठी ही पोकळी मुळात कशासाठी आली ते पाहिले पाहिजे.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. दारू आणि गोळी तोंडाकडूनच आत सारावी लागे. गोळी झटपट खाली जावी म्हणून ती नळीपेक्षा बारीक ठेवत. साहजिकच बार उडताना तिच्या भोवतीच्या फटीतून वायू निसटे, गोळी नळीत आपटत बाहेर पडे, आणि शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा उरत नसे. नळीत मळसूत्री खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा सांभाळते, हे कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु खाचांत बसेल इतकी घट्ट गोळी ठोकून ठोकून आत घालावी लागे. लढाईत एवढी सवड कोणाला? गोळी आत जाताना सैल असावी आणि बाहेर पडताना घट्ट असावी, असा हा पेच होता.

हा पेच पोकळीने सोडवला. सायकलीच्या पंपातील चामड्याची वाटी आपण पाहिली असेल. दट्ट्या दाबला की हवेच्या जोराने त्या वाटीची कड फाकते आणि नळीला घट्ट चिकटते. पोकळ बुडाची गोळी नेमके हेच करते. दारू पेटली की वायू खळग्यात घुसतो, मऊ शिशाची पातळ कड बाहेर फाकते, खाचांत रुतते आणि फट बंद होते. ही कल्पना एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली असे म्हणता येत नाही. कॅप्टन नॉर्टन या इंग्रज अधिकाऱ्याला ती दक्षिण हिंदुस्थानातील फुंकनळीचे बाण पाहून सुचली, अशी हकीकत सांगतात. त्या बाणांच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे, आणि फुंकर मारताच तो फुगून नळी बंद करी. १८३६ च्या सुमारास ग्रीनर या बंदूक-कारागिराने अशी गोळी सुचवली; इंग्रज सरकारने तेव्हा ती नाकारली. पुढे १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए याने बुडाच्या खळग्यात लोखंडी वाटी बसवलेली गोळी केली आणि तिला त्याचेच नाव पडले. अमेरिकेत जेम्स बर्टन याने ती लोखंडी वाटीही काढून टाकली. नुसती पोकळी पुरे झाली.

परिणाम भयंकर झाला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात बहुसंख्य जखमा बंदुकीच्या गोळ्यांच्याच होत्या. मऊ, जड शिसे हाडाचा चुरा करी, आणि पुष्कळदा शस्त्रवैद्यापुढे हात किंवा पाय कापण्यावाचून दुसरा मार्ग उरत नसे.

आपल्या इतिहासाशीही या पोकळीचा संबंध आहे. १८५३ सालच्या नमुन्याची एन्फिल्ड बंदूक कंपनी सरकारच्या फौजेत आली, तिची गोळीही पोकळ बुडाची होती. खाचांच्या नळीतून ती सुरळीत खाली जावी आणि जळक्या दारूची काजळी मऊ राहावी, म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावणे भाग पडले. काडतुसाचे टोक दातांनी तोडायचे, आणि चरबी गाईची व डुकराची आहे असा बोभाटा झालेला! २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठला नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. विशेष म्हणजे ती काडतुसे जुन्याच पद्धतीची होती. परंतु तोवर विश्वास पार उडाला होता. उठावाची कारणे अनेक आणि खोल होती, हे खरेच. तरी ठिणगी पडली ती या चरबीच्या कागदावरून.

पुढे गोळी मागच्या बाजूने भरण्याची सोय झाली आणि सैन्यातून ही पोकळी गेली. ती टिकली ती नेमबाजीच्या मैदानावर. तेथील पिस्तुलांची गोळी सपाट तोंडाची, एखाद्या डबीसारखी असते. गोल टोकाची गोळी कागद फाडते, तर सपाट तोंडाची गोळी कंडक्टरच्या पंचाप्रमाणे स्वच्छ वाटोळे भोक पाडते. मग गुण मोजताना वाद होत नाही. या खेळात दारू अगदी थोडी घालतात. थोड्या जोरानेही नळी बंद व्हावी म्हणून बूड पोकळ. शिवाय पोकळीमुळे वजन पुढच्या अंगाला सरकते आणि आखूड गोळी स्थिर जाते. दारू जास्त झाली तर मात्र पातळ कड तुटून नळीत अडकण्याचा धोका असतो.

आता साच्याकडे येऊ. साध्या गोळीचा साचा दोन फाळक्यांचा असतो. फाळके मिटायचे, बुडाकडच्या भोकातून रस ओतायचा, फाळके उघडायचे. पोकळ बुडासाठी मात्र आमच्या ओताऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर गाभा लागतो. येथे तो लोखंडी खिळ्याच्या रूपात बुडाकडून आत शिरतो आणि रस तोंडाकडून ओतावा लागतो. शिसे ३२७ अंशांना वितळते. गाभा जरा निवाला की कडेचा पातळ रस भरण्यापूर्वीच गोठतो आणि गोळीला सुरकुत्या पडतात. गाभा तसूभर कलला तर कड एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते. मग गोळी नेमाने जात नाही. एका वेळी एकच गोळी, आणि प्रत्येक वेळी गाभा काढा, पुन्हा बसवा. कारखान्यांनी ही दगदग टाळली. ते ओतत नाहीत. तांबट जसा धातू घडवतो तसे थंड शिसे ठशात दाबतात, आणि एका दाबात पोकळी तयार होते. कारखान्याची गोळी अशी सोपी व सारखी निघू लागल्यावर कटकटीचा साचा करणारे आणि घेणारे दोघेही थोडे उरले. साचा दुर्मिळ होण्याचे कारण एवढेच.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्यावाचून दारूगोळा करता येत नाही, आणि शिशाची धूळ व वाफ अंगात भिनते ती वेगळीच. तेव्हा हा उद्योग आपण करून पाहावा असा नाही. परंतु त्यातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्तूचे महत्त्व तिच्यात भरलेल्या धातूवर मोजण्याची आपल्याला सवय आहे. येथे धातू काढून टाकलेल्या जागेनेच लढाईची रीत बदलली. आणि जी पोकळी वापरायला इतकी सोपी, ती घडवायला किती अवघड असते, हे साच्यापाशी बसणाऱ्यालाच कळते.