जोयडा तालुक्यातील विद्यार्थी आणि वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी

काळी नदीच्या खोऱ्यातील जोयडा, म्हणजेच पूर्वीचा सूपा, हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील विस्तीर्ण परंतु विरळ वस्तीचा तालुका होय. रानात विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यात अवघड होणाऱ्या वाटा आणि मोठ्या रुग्णालयासाठी कारवार, बेळगाव, हुबळी किंवा गोव्याकडे करावा लागणारा प्रवास हे येथील रहिवाशांच्या नित्य परिचयाचे आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला व गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप उत्तर कन्नड जिल्ह्यातही आढळतो. अशा मुलखातील मुलाने अथवा मुलीने डॉक्टर व्हावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळ घरांत ती बारावीच्या सुमारास प्रथम बोलून दाखविली जाते आणि तोपर्यंत काही वाटा बंद झालेल्या असतात.

अमेरिकेत विद्यार्थी प्रथम पदवी घेतो व नंतर वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळतो. आपल्याकडे तसे नाही. बारावीनंतर थेट एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळतो. साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असा हा अभ्यासक्रम आहे. त्यामुळे पूर्वतयारीचा काळ म्हणजे माध्यमिक शाळेची वर्षे आणि पी.यू.सी.ची दोन वर्षे, एवढाच. दहावीनंतर विज्ञान शाखा घेऊन भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तीन विषय शिकणे अनिवार्य आहे. या तीन विषयांत मिळून सर्वसाधारण गटास किमान ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांस ४० टक्के गुण आवश्यक असतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. वयाची कमाल मर्यादा मात्र २०२२ पासून उरलेली नाही. पहिल्या प्रयत्नात यश न आलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते. प्रवेश ठरतो तो ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणवत्ता क्रमावर. दिल्लीची १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था पूर्वी स्वतंत्र परीक्षा घेत असे. २०२० पासून तेथील प्रवेशही याच परीक्षेने होतात. तीन तासांत १८० प्रश्न सोडवावयाचे असून एकूण गुण ७२० असतात. त्यांपैकी ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, एकट्या जीवशास्त्राचे होत. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. चार पर्यायांतील दोन निश्चितपणे बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतून निवड करणे सरासरीने फायद्याचेच ठरते. मात्र त्यासाठी विषयाची जाण हवी.

जोयडा तालुक्यात कोकणी, मराठी व कन्नड या तिन्ही भाषा कानी पडतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, हे ऐकून मराठी शाळेतील विद्यार्थ्यांस दिलासा वाटतो. परंतु प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवरच मिळते. कारवार किंवा बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्यास इंग्रजी, हिंदी, उर्दू व कन्नड हे पर्याय असतात, मराठीचा नसतो. शिवाय पी.यू.सी.त विज्ञान इंग्रजीतूनच शिकविले जाते. तेव्हा आठवीपासूनच मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहिण्याची एक वही ठेवणे श्रेयस्कर होय. पेशीला ‘सेल’, प्रकाशसंश्लेषणाला ‘फोटोसिंथेसिस’, अभिसरणाला ‘सर्क्युलेशन’ म्हणतात, एवढे रोज पाच शब्दांच्या हिशेबाने गोळा केले, तर तीन वर्षांत कित्येक हजार शब्द ओळखीचे होतात. कल्पना मातृभाषेत पक्की झालेली असेल, तर नवे नाव लवकर रुजते. कल्पनाच कच्ची असेल, तर दोन्ही नावे परकी राहतात.

जीवशास्त्राच्या बाबतीत या तालुक्यातील मुले शहरातील मुलांहून मागे नाहीत, किंबहुना पुढे असू शकतात. येथील कुणबी कुटुंबे परसात नाना प्रकारचे कंद पिकवितात. सुरण, अळू, आले व हळद यांचा जमिनीखालील भाग हे खोडाचे रूपांतर असते, तर रताळे हे मूळ असते. खोडावर पेरे व डोळे असतात, मुळावर नसतात. हा फरक पुस्तकातील चित्रावरून पाठ करण्याऐवजी शिक्षकांनी दोन्ही कंद वर्गात आणून दाखविले, तर तो विसरला जाणार नाही. सूपा धरणाचेही तसेच. एक किलोग्रॅम पाणी १०० मीटर खाली येताना सुमारे ९८० ज्यूल ऊर्जा मुक्त होते, हे गणित येथील मुलाला अमूर्त वाटण्याचे कारण नाही. कर्नाटकातील पी.यू.सी.ची विज्ञानाची पुस्तके एन.सी.ई.आर.टी.चीच असल्याने मूळ पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचणे, हीच पहिली शिकवणी. महागड्या वर्गासाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी हे पुस्तक मुलाने खरोखर किती वाचले आहे, ते पाहावे.

याहून नाजूक प्रश्न शाळेच्या ठिकाणाचा आहे. कर्नाटकात सरकारी कोट्यातील १५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. त्यासाठी पहिली ते दहावी अशी दहाही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. चांगली शाळा मिळावी म्हणून आठवीत मुलाला दांडेली, कारवार किंवा बेळगावला ठेवणारे पालक हा हक्क नकळत गमावून बसतात. तेथील शाळेचा लाभ मोठा की राखीव जागेचा, हा निर्णय ज्या त्या कुटुंबाचा. परंतु तो माहितीनिशी व्हावा. दहावीपर्यंत गावात व पी.यू.सी.साठी शहरात, असा मार्ग घेतल्यास हक्क शाबूत राहतो. कन्नड माध्यमासाठी वेगळ्या ५ टक्के जागा आहेत. मराठी माध्यमाला त्या लागू नाहीत.

दाखल्यांविषयीही गैरसमज आढळतात. गोव्यात कुणबी समाजाचा समावेश २००३ साली अनुसूचित जमातींत झाला, म्हणून तेथील नातलगांप्रमाणे आपल्यालाही सवलत मिळेल, असे समजू नये. येथे कर्नाटकाची यादीच लागू होते. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशांत महाराष्ट्र–कर्नाटक विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही मोजक्या जागा ठेवलेल्या असतात. आपले गाव त्या यादीत येते किंवा नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. ग्रामीण शिक्षणाच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांबरोबरच गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. शाळा बदलली असल्यास प्रत्येक शाळेतील वर्षांचा पुरावा गोळा करावा लागतो, आणि प्रवेशफेरीच्या दिवसांत त्यासाठी तालुक्याला खेपा घालणे कठीण जाते. मुख्याध्यापकांनी दहावीचा निकाल लागताच, मागणीची वाट न पाहता, हा दाखला तयार करून विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.