पित्ताशयातला खडा की भिंतीतलं कॅल्शियम?

नववीला ध्वनीचा पाठ शिकवताना आपण सोनोग्राफीचं नाव घेतो आणि पुढे जातो. पण पित्ताशयाचं उदाहरण घेतलंत, तर मुलांना प्रतिध्वनी तर कळेलच, शिवाय घरी आजीचा रिपोर्ट आला की तुम्हालाही उपयोग होईल.

पित्ताशय म्हणजे यकृताखालची छोटी पिशवी. आत पित्त, म्हणजे द्रव. ध्वनी त्यातून सरळ पार जातो, म्हणून पडद्यावर पिशवी काळी दिसते. आत खडा असेल तर ध्वनी त्यावर आपटून परत येतो. खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे ध्वनी पोचतच नाही, म्हणून काळी सावली पडते.

आता अडचण बघा. कधीकधी पिशवीच्या भिंतीतच कॅल्शियम साचतं. तेही पांढरं दिसतं, त्याचीही सावली पडते! मग ओळखायचं कसं? डॉक्टर रुग्णाला कुशीवर वळायला सांगतात. सुटा खडा घरंगळतो, भिंत कुठे जाणार? पण पिशवी आकसून खड्यांनी गच्च भरली असेल तर खडेही हलत नाहीत. तेव्हा रेघा बघायच्या. आधी भिंतीची पांढरी रेघ, मग पित्ताची बारीक काळी, मग खड्यांची पांढरी आणि त्यामागे सावली, असं दिसलं तर खडे. कॅल्शियमने कडक झालेल्या भिंतीची मात्र एकच पांढरी कमान दिसते. तरी शंका उरलीच तर सीटी स्कॅन.

साध्या एक्स-रेवर विसंबू नका. बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात. त्यावर दिसण्याइतकं कॅल्शियम जेमतेम 10 ते 20 टक्के खड्यांत असतं. ‘एक्स-रे क्लिअर, म्हणजे खडा नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते चूक आहे.

एवढा खटाटोप कशाला? त्रास न देणारा खडा बहुधा तसाच ठेवतात. भिंतीतल्या कॅल्शियमला ‘पोर्सेलिन गॉलब्लॅडर’ म्हणतात, कारण भिंत चिनी मातीसारखी ठिसूळ होते. त्याचा कर्करोगाशी संबंध जोडला जातो. जुन्या अभ्यासांत हा धोका फार मोठा सांगितला होता, नव्या अभ्यासांत तो पुष्कळ कमी निघाला. म्हणून रिपोर्टात हा शब्द दिसला तर घाबरू नका, पण सर्जनला दाखवायची टाळाटाळही नको. अशा पित्ताशयात खडेही बऱ्याचदा असतातच.

आणि सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावलंय ना? मग दुधाचा चहासुद्धा नको. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही.